कीबोर्ड लॅपटॉपला जोडला पण रेकॉर्डिंगमध्ये आवाजच नाही (आईच्या गौळणी रेकॉर्ड करायच्या आहेत)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय आणि तोही अडलंय म्हणून.

आई ७६ वर्षांची आहे. कराडजवळच्या आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात ती चाळीसेक वर्षं गातेय. तिच्या आत्याकडून आलेल्या गौळणी आणि जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ आहेत. गेल्या उन्हाळ्यात वहीत उतरवायला बसलो तर ३८ भरल्या, आणि त्यातल्या निम्म्याच्या वर मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकलेल्या नाहीत. पावसाळ्यात खोकल्यानं तिचा आवाज महिनाभर बसला तेव्हा पोटात गोळा आला. म्हणून ठरवलंय, दिवाळीपर्यंत सगळ्या रेकॉर्ड करायच्या, मागे मी कीबोर्डवर साथ करायची. मला पेटीइतपत वाजवता येतं.

कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, सहा-सात वर्षं जुना. मागे प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबीचं भोक, एक हेडफोनचं, एक पेडलचं. लॅपटॉप विंडोजचा. प्रिंटरची केबल लावली, लॅपटॉपनं टडंग केलं, ऑडॅसिटी उघडून रेकॉर्ड दाबलं, वाजवलं, तर रेघ सरळच्या सरळ. कीबोर्डच्या स्वतःच्या स्पीकरमधून आवाज येतोय, लॅपटॉपमध्ये काही जात नाहीये. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली तर आवाज आला पण फाटलेला, आणि मागे सतत घूंऽऽ.

केबल खराब, लॅपटॉप खराब की जोडायची पद्धतच चुकतेय? एकूण बजेट सहा-सात हजार, त्यात आईसाठी माइकही बसवायचाय.

डोंबिवलीकर

टडंग झालं म्हणजे पाहुणा दारापर्यंत आलाय, आत बोलवायचं राहिलंय. :) मागच्या बाजूला यूएसबीच्या भोकाशेजारी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते सांगा.

कृष्णाकाठ

'टू होस्ट' असं आहे.

निषाद

मग काहीच खराब नाही, केबल चांगली, लॅपटॉप चांगला. या केबलीतून आवाज जातच नाही, एवढाच घोळ आहे.

तुमच्या कीबोर्डमधून मिडी जातंय. मिडी म्हणजे आवाज नव्हे, तुमच्या बोटांचा हिशेब. पट्टी दाबली की लॅपटॉपला तीन आकडे मिळतात: दाबली, कुठली दाबली आणि किती जोरात. मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्यापुढची काळी एक ६१, असं पुढे. जोर १ ते १२७. पट्टी सोडली की परत तीन आकडे. पेडल दाबलं तर तेही, त्याचा नंबर ६४. बस. नोटेशनच्या वहीत सूर नसतो, कुठला सूर लावायचा ते लिहिलेलं असतं, तसंच हे. ती वही वाचून वाजवणारं कुणीतरी लॅपटॉपमध्ये हवं.

आणि ऑडॅसिटी मिडी रेकॉर्ड करत नाही, ते फक्त आवाज पकडतं, म्हणून रेघ सरळ. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. रीपर घ्या, ६० दिवस सगळं उघडं असतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरचं. मॅक असता तर गॅरेजबँड फुकट होतं.

काही नव्या कीबोर्डमध्ये त्याच यूएसबीतून मिडी आणि खराखुरा आवाज दोन्ही जातात, उदा. यामाहाचा पीएसआर-ई३७३. तुमच्या मॅन्युअलमध्ये 'यूएसबी ऑडिओ' असे शब्द सापडतात का बघा. सापडले तर विंडोजवर बहुधा कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाकावा लागेल.

कृष्णाकाठ

निषाद, मनापासून आभार. मॅन्युअल चाळलं, यूएसबी ऑडिओ नाही, फक्त मिडी. मग लॅपटॉपमध्ये वाजवणारा कोण? कीबोर्डमधला तो पेटीचा टोन मला आवडतो, तो मिळणार नाही का?

निषाद

तो टोन कीबोर्डच्या पोटात आहे, यूएसबीतून बाहेर येणार नाही. हेडफोनच्या भोकातून आवाज म्हणूनच घ्यावा लागेल. लॅपटॉपमध्ये वाजवायला प्लगइन, म्हणजे रीपरच्या आत बसणारं वाद्याचं सॉफ्टवेअर, टाकायचं, फुकट पियानो, स्ट्रिंग्ज, ऑर्गन भरपूर मिळतात. पेटीचे साउंडफाँटही, म्हणजे वाद्याच्या सुरांच्या तयार फाइली, सापडतील, पण भरपूर ऐकून मगच निवडा, बरेचसे नाकात बोलल्यासारखे वाजतात.

सायली_ठाणे

मी मुलांचे कीबोर्डचे क्लास घेते, त्यामुळे हा प्रश्न दर महिन्याला एखादे पालक घेऊन येतातच. धागाकर्त्यांचा कीबोर्ड यूएसबीवाला आहे म्हणून सुटले. ज्यांच्याकडे जुने, पाच पिनांचे गोल भोकवाले कीबोर्ड आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवते. मी ऑनलाइन स्वस्तातली यूएसबी-ते-मिडी केबल घेतली होती. तिच्या एका शेपटाला 'इन' लिहिलेलं, एकाला 'आउट'. कीबोर्डवरही 'इन' आणि 'आउट'. मी अर्थातच इनला इन आणि आउटला आउट लावलं आणि तीन दिवस ड्रायव्हर टाकत-काढत बसले! उलटं लावायचं असतं. कीबोर्डच्या आउटमधून जे बाहेर येतं ते केबलच्या इनमध्ये शिरलं पाहिजे. चौथ्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी, ते टेलिफोन खात्यात होते, नुसतं बघून सांगितलं की बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाला लागतं, तोंडाला तोंड नाही. आता क्लासमध्ये मी हेच वाक्य वापरते.

ती केबल पुढे तरी सुखानं चालेल म्हटलं तर दोन्ही हातांनी भरभर वाजवलं की एखादा सूर अडकायचा, सोडला तरी वाजतच राहायचा. शेवटी दुसरी घेतली, मग प्रश्न मिटला.

डोंबिवलीकर

"तोंडाला तोंड नाही" फ्रेम करून लावण्यासारखं आहे. +१

पेटीवाला

माफ करा, पण मला हा सगळा प्रकारच उलटा वाटतोय. ७६ वर्षांच्या बाई, आत्याकडून आलेल्या ओव्या, आणि त्यांच्यामागे तुम्ही लॅपटॉपमधला पियानो लावणार? मी पस्तीस वर्षं भजनाला आणि नाट्यगीतांना पेटीची साथ करतोय. साथ म्हणजे गाणाऱ्याच्या श्वासामागून जाणं. गाणारा थांबला तर भाता थांबतो, त्यानं सूर ओढला तर भाता ओढतो. पट्टी दाबली की ठराविक आवाज आणि सोडली की बंद, याला मी साथ म्हणणार नाही. शेजारून पेटी मागून आणा, मोबाइल मधे ठेवा आणि रेकॉर्ड करा. सहा-सात हजार आईंना लुगडं घ्यायला ठेवा.

सायली_ठाणे

पेटीवाले काका, श्वासामागून जाण्याबद्दल शंभर टक्के पटलं. पण कीबोर्डवर ते अजिबात होत नाही असं नाही. भात्याचं काम पेडलसारखं एक्स्प्रेशनच्या कंट्रोलनं करता येतं, सूर लागलेला असताना आवाज मोठा-लहान होतो. आणि पेटीवर जी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही ती कीबोर्डच्या पिच बेंडच्या चाकानं थोडी तरी येते. :)

पेटीवाला

चाकानं मींड! सायलीताई, एकदा ऐकवा, मग बोलतो. पेटीवर मींड येत नाही हे मान्य, म्हणून तर १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटी बंद केली होती, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तेव्हाही हेच म्हणत होते, परक्या सुरांचं यंत्र आहे, आपल्या गाण्याला चालणार नाही. मी माझ्या गुरुजींकडून ते दिवस ऐकलेत.

निषाद

काका, मग आज तुम्ही कीबोर्डबद्दल तेच म्हणताय ना? चाकाबद्दल सांगतो, तिथं पायऱ्या दिसत नाहीत कारण मिडीत चाकासाठी १६,३८४ टप्पे आहेत. बहुतेक ठिकाणी चाक दोन सुरांइतकं, म्हणजे चार श्रुती-बिती नव्हे, सरळ दोन सेमीटोन वर आणि दोन खाली ओढतं. अडचण वेगळीच आहे, चाक फिरवलं की त्या चॅनलवरचे, म्हणजे मिडीतल्या त्या एका वाटेवरचे, सगळे सूर एकदम सरकतात. एका हातानं षड्ज धरून दुसऱ्यानं मींड घ्यायची तर षड्जही घसरतो. षड्ज वेगळ्या चॅनलवर ठेवला तर जमतं, चॅनल १६ आहेत.

पेटीवाला

परक्या यंत्राचा मुद्दा बरोबर पकडलात. मान्य. पण मोबाइल आणि पेटीचं माझं मत कायम आहे.

मृदंगी

पेटीवाले काकांशी अर्धा सहमत. मला काळजी दुसरीच वाटते. ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर्स उघडली की पहिल्यांदा टिक टिक सुरू करतात. कृष्णाकाठ, कृपा करून आईंच्या कानात ती टिकटिक सोडू नका. मी भजनात पखवाज वाजवतो, म्हाताऱ्या बायका गौळण म्हणताना कडव्याच्या शेवटी जे रेंगाळतात ते टिकटिकीत मरतं. गौळण भजनी ठेक्यात असेल तर आठ मात्रांचा हिशेब तरी बसतो. ओवीला तर असला कसला तालच नसतो, तिला दामटून सहा किंवा आठ मात्रांत बसवलं तर ती ओवी राहणार नाही.

रेकॉर्ड होऊन गेल्यावर सॉफ्टवेअरमध्ये 'क्वांटाइझ' असतं, मागेपुढे झालेले सूर ओळीत बसवणारं. त्यालाही हात लावू नका.

वायरमन

घूं बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तो घूं म्हणजे विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट. कीबोर्डचा ॲडॉप्टर एका प्लगवर, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्यावर, मधे ऑडिओची वायर, असं वर्तुळ पूर्ण झालं की ते येतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला तर कारण हेच. पण एक हात जोडून विनंती, कुणी सांगितलं म्हणून तीन पिनांमधली अर्थिंगची पिन काढू नका. घूं जाईल पण एखाद दिवशी माणूसही जाईल. ऑडिओच्या वायरीत बसवायचं आयसोलेटर मिळतं, ते घ्या.

गंमत म्हणजे जुन्या पाच पिनांच्या मिडीत हा त्रास येत नाही, कारण मिडी इनच्या आत ऑप्टो-आयसोलेटर असतो. आत दिवा पेटतो-विझतो आणि समोरचा डोळा तो बघतो, दोन यंत्रांमध्ये विजेची तार जोडलेलीच नसते. १९८३ सालचं डिझाइन आहे, अजून तसंच आहे.

आवाज फाटायचं कारण वेगळं. हेडफोनच्या भोकातून येणारा आवाज दणकट असतो आणि लॅपटॉपचं माइकचं भोक अगदी कुजबुज ऐकायला केलेलं असतं.

कृष्णाकाठ

चार्जर काढला, घूं गेला!! वायरमनसाहेब, धन्यवाद.

एडिसनकर

१९८३ चा उल्लेख आला म्हणून थोडं अवांतर. त्याआधी एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचाच नाही. रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ या दोघांनी, म्हणजे जपान आणि अमेरिकेतल्या स्पर्धक कंपन्यांनी, सगळ्यांना चालेल अशी एकच भाषा करायचा आग्रह धरला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात नॅम नावाचं वाद्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथं दोघांची यंत्रं एका वायरीनं जोडून दाखवली, एकावर वाजवलं की दुसरं वाजतंय. २०१३ मध्ये दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की त्या भाषेवर कुणी मालकी सांगितली नाही, म्हणून आज तुमचा भारतातला कीबोर्ड कुठल्याही लॅपटॉपला लागतो.

आता कामाचं. मी न्यू जर्सीत, माझा जोडीदार पुण्यात, आम्ही गणपतीसाठी दरवर्षी दोन-तीन गाणी करतो. तो मला मिडीची फाइल पाठवतो, काही केबींची, व्हॉट्सॲपवरून क्षणात येते. तीच आवाजाची फाइल असती तर सीडीच्या दर्जाला मिनिटाला सुमारे दहा एमबी. आणि पट्टी बदलायची झाली तर मिडीत सगळे सूर निवडून एक घर वर सरकवायचे, संपलं. आवाजाचं तसं होत नाही. कृष्णाकाठ, तुमचा कीबोर्ड मिडी देतो हे नशीब समजा. साथ नंतर कितीही वेळा बदलता येईल, आईंना परत बसवावं लागणार नाही.

निषाद

एडिसनकरांच्या शेवटच्या ओळीवर माझी पूर्ण सही. आणि बजेटचंही गणित तिथंच सुटतं. साथ मिडीतून येणार असेल तर ऑडिओ इंटरफेसचा (माइकचा आवाज यूएसबीतून लॅपटॉपला देणारी डबी) एकच माइकवाला साधा प्रकार पुरतो, कीबोर्डसाठी इनपुट नकोच. माइक डायनॅमिक घ्या, शुअर एसएम५८ च्या जातीचा. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट द्यावे लागतातच, शिवाय तो पंखा, शेजारचा कुकर, रस्त्यावरची रिक्षा सगळं गोळा करतो. गावच्या घरात डायनॅमिकच बरा.

वायरमन

आणि तरीही कुणाला कीबोर्डचा मूळ टोन इंटरफेसमध्ये घ्यायचाच असेल तर एक सापळा आहे. हेडफोनचं भोक स्टिरिओ, डावा-उजवा वेगळा. ती स्टिरिओ केबल इंटरफेसच्या एका बॅलन्स्ड (एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट घेणाऱ्या) इनपुटमध्ये घातली की इंटरफेस दोन तारांमधली वजाबाकी करतो. मधोमध असलेला आवाज दोन्हीकडे सारखा, वजाबाकी शून्य! पियानो एकदम पोकळ, लांब विहिरीतून आल्यासारखा वाजतो आणि माणूस समजतो कीबोर्ड बिघडला. एकातून दोन निघणारी वाय केबल घ्या, दोन इनपुटांत घाला, दोन्ही लाइनवर ठेवा.

कृष्णाकाठ

मंडळी, दहा दिवसांनी येतोय. इंटरफेस आणि डायनॅमिक माइक आणला, सातशे रुपये वर गेले पण बसवलं. रीपरमध्ये कीबोर्ड दिसतोय, पट्टी दाबली की हिरवी पट्टी नाचते. दोन अडचणी आल्यात. एक, प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतोय, आधी कीबोर्डचा आणि मागून लॅपटॉपचा. दोन, तो मागून येणारा इतका उशिरा येतो की वाजवताना हात अडखळतात.

एडिसनकर

पहिलं: कीबोर्डच्या फंक्शनमध्ये 'लोकल' किंवा 'लोकल कंट्रोल' शोधा, ऑफ करा. पट्ट्या फक्त लॅपटॉपशी बोलतील, कीबोर्ड गप्प. काम झालं की परत ऑन करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरात कुणीतरी कीबोर्ड बंद पडला म्हणून दुरुस्तीला नेईल. आमच्याकडे नेला होता.

दुसरं: सेटिंगमध्ये साध्या विंडोजच्या ऐवजी असिओ, म्हणजे आवाज कमी उशिरानं पोचवणारी पद्धत, निवडा, इंटरफेसबरोबर त्याचा ड्रायव्हर असतो. ज्यांच्याकडे इंटरफेस नाही त्यांनी असिओ फोर ऑल टाकावं. मग बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवतो तो आवाजाचा तुकडा, कमी करा. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना बफर १०२४ नमुन्यांचा असेल तर नुसत्या त्याचेच २३ मिलिसेकंद, ५१२ ला साडेअकरा, १२८ ला तीनच्या आत. फार कमी केला तर जुना लॅपटॉप तडतडेल, तेव्हा २५६ पासून सुरू करा.

मृदंगी

२३ मिलिसेकंद वाचून हसण्यावारी नेऊ नका, मला तबल्यावर ते जाणवतं. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंद म्हणजे साथीदार साडेतीन मीटरवर बसलाय, मंडपात चालून जातं. २३ म्हणजे तो जवळजवळ आठ मीटरवर, पार पायरीपाशी. त्यात लॅपटॉपचा स्वतःचा वेळ वर. अशा अंतरावरून गौळणीला ठेका धरून बघा.

निषाद

खरं तर कृष्णाकाठांना या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध आहे. लोकल ऑन राहू दे, रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे वाजवताना लॅपटॉपनं ऐकवणं, बंद करा. वाजवताना कीबोर्डचा स्वतःचा पेटीचा टोन ऐका, तिथं उशीर नाहीच. मागे मिडी गुपचूप रेकॉर्ड होत राहील. नंतर त्याच्यावर कुठलंही वाद्य लावा.

कृष्णाकाठ

निषाद!! हे चाललं. अगदी बोटाबरोबर सूर. आज संध्याकाळी आईला बसवतो.

डोंबिवलीकर

आणि पंखा बंद करा. आईंना विचारून. :)

कृष्णाकाठ

हा वृत्तांत थोडा लांब होईल.

पहिल्या दिवशी मी वाजवलं, आई गायली, आणि जमलं नाही. मी काळी चार लावून बसलो होतो कारण मंडळात ती काळी चारात गाते असं सगळे म्हणतात. तिनं सुरुवात केली आणि माझ्या पट्टीच्या किंचित वर गायली. मी सांगितलं, आई, सूर धर. तिनं धरला, दोन ओळींनी परत वर. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती गप्प बसली, मग म्हणाली, "तुझी पेटी खाली बोलतीय." मला खरंच वाईट वाटलं, कारण आयुष्यात कधी बेसूर न झालेल्या बाईला मी सूर धर म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मंडळात जाऊन मोबाइलवरच्या ट्यूनरनं तिथली पेटी तपासली. पेटी जुनी, पालिताण्याच्या सुरांची, कुणा एकेकाळच्या कारागिरानं चढी लावलेली. मधल्या पट्टीच्या धैवताला, म्हणजे पांढरी सहाला, ४४० हर्ट्झच्या ऐवजी ४४६ दाखवतंय. सुमारे २३ सेंट वर (एका घराचे शंभर सेंट), म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. आई चाळीस वर्षं त्या पेटीबरोबर गातेय, तिच्या गळ्यात काळी चार म्हणजे ती काळी चार. ती बरोबर बोलत होती.

कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये ४४६ केलं. आईनं पहिलीच ओळ घेतली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

एक सांगायचं राहिलं, ज्यांना पुढे हे लागेल त्यांच्यासाठी. कीबोर्डचं ट्यूनिंग बदललं तरी मिडीत ते जात नाही, मिडीत ६० ते ६०च. त्यामुळे रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या पेटीवर लावलं तर ती परत ४४० ला वाजली. प्लगइनमध्ये फाइन ट्यूनचं बटण शोधून तिथंही २३ सेंट चढवावे लागले.

पेटीवाला

तुम्ही मंडळाची पेटी तपासायला गेलात हे फार बरं केलंत. अशा चढ्या पेट्या गावोगाव आहेत. नवा साथीदार येतो, स्वतःची पेटी ४४० ला आणतो आणि म्हातारीला बेसूर ठरवतो. मी चिडून लिहिलं होतं ते मागे घेतो. आईंना नमस्कार सांगा.

सायली_ठाणे

"तुझी पेटी खाली बोलतीय" वाचून डोळ्यांत पाणी आलं. उद्या क्लासमध्ये सांगणार आहे.

मृदंगी

टिकटिक लावली नाहीत ना?

कृष्णाकाठ

नाही लावली. तुमचं ऐकून क्रम पण उलटा केला. आता आधी आई एकटी गाते, कानात फक्त तंबोरा, तोही ४४६ च्या हिशेबानं चढवलेला. कानाचे बंद हेडफोन दिलेत म्हणजे तंबोरा माइकमध्ये शिरत नाही. मग रात्री मी तिच्या रेकॉर्डिंगवर मिडीत साथ भरतो, ती जिथं रेंगाळते तिथं मी पण रेंगाळतो, चुकलो तर तेवढीच ओळ परत. अशा ११ गौळणी झाल्या. प्रत्येक फाइल लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि पुण्याला बहिणीकडे.

पण ओव्यांना अडलोय. माइकसमोर बसली की तिला तिसऱ्या-चौथ्या ओवीनंतर आठवतच नाही. वहीत बघून म्हणते तेव्हा वाचल्यासारखं होतं. परवा सहज अंगणात सुपात धान्य पाखडताना गुणगुणत होती तर सलग सात ओव्या म्हणाली, त्यातली एक माझ्या वहीतच नाही!

मृदंगी

मी म्हटलं होतं ओवीला ताल नसतो, ते चुकलं माझं. तिचा ताल जात्यात आहे. घरात जातं आहे का? खरं जातं द्या हातात, थोडे गहू घाला. खुंटा फिरायला लागला की शब्द येतील. आणि त्या ओव्यांना साथ-बिथ काही लावू नका, ना कीबोर्ड ना पेटी.

पेटीवाला

मृदंगी, इथं मात्र पूर्ण सहमत. पेटीसुद्धा नको.

कृष्णाकाठ

जातं आहे, परसात पालथं पडलंय. उद्या धुऊन, वाळवून माजघरात मांडतो. आईला विचारलं तर म्हणाली, एकटीनं नाही ओढायची, समोर कुणीतरी पाहिजे, शेजारच्या काकूंना बोलाव. मग प्रश्न असा की दोघी समोरासमोर, मधे घरघरणारं जातं, आणि माझ्याकडे माइक एक. कुठं ठेवू?

निषाद

जात्याच्या वर ठेवू नका, घरघर सगळं खाईल. आईंच्या बाजूनं, त्यांच्या हनुवटीच्या उंचीला, वीतभर अंतरावर, आणि माइकची पाठ जात्याकडे. या जातीचा माइक पाठीमागचं कमी ऐकतो. काकूंचा आवाज आणि घरघर लांबून येईल तेवढी पुरे. स्टँड गोधडीवर ठेवा, नाहीतर जमिनीतून धडधड चढेल. आधी पाच मिनिटं दळून घ्या, रेकॉर्डचं बटण मात्र पहिल्यापासून दाबलेलं असू दे.